‘मंद बंदुकीची दारू म्हणजे जास्त वेग’ एवढ्यावर निवड करू नका

रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरण्यावरच्या एका लेखात ‘मंद जळणारी दारू घ्या, वेग वाढेल’ असं वाक्य आहे; ते .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या पूर्ण भरणीपुरतं ठीक. .३८ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसाला ते लावू नका. त्याची पुंगळी (दारू भरायचं धातूचं कवच) १८९८ सालची, काळ्या दारूच्या मापाची. म्हणून थोडीच लागणारी आजची धूररहित दारू टाकली की आत निम्म्याहून जास्त जागा रिकामी राहते. बुल्सआयसारखी जलद दारू १४८ ग्रेनच्या वॅडकटरला (सपाट तोंडाच्या गोळीला) २.७ ग्रेन, म्हणजे ०.१८ ग्रॅमही नाही, पुरते. पण चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, आणि सिलिंडर (काडतुसं बसतात तो रिव्हॉल्व्हरचा फिरता भाग) फुटतो तो इथेच. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं, याला पर्याय नाही. नवख्यानं फुगीर दाण्याची, जास्त जागा घेणारी दारू घ्यावी; दुप्पट पडली तर डोळ्यांना दिसते.

एच११० सारखी मंद दारू कमी भरणं हा उलटा धोका. ती नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी सुटली की नळी गेली. अर्धवट जळालेले दाणे एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली बसले तर सिलिंडर फिरायचा थांबतो, हे वेगळंच. क्रिम्प (पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची आवळ) ढिला असेल तर धक्क्यानं शेजारच्या गोळ्या पुढं सरकतात, परिणाम तोच, सिलिंडर अडकतो.

हे सगळं परदेशातल्या छंदाचं. आपल्याकडं काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो; स्वसंरक्षणासाठी मिळालेला रिव्हॉल्व्हरचा परवाना त्याला चालत नाही. बीड-लातूरकडच्या परवानाधारकांनी मे महिन्यात काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डात ठेवणं तेवढं टाळावं.