दोन ड्रायव्हर ‘भांडतात’ म्हणून सगळेच उडवू नका

ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्स कार्ड वापरता यावं म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर) बसेना की ठरलेला सल्ला मिळतो: ‘एका मशीनवर दोन कंपन्यांचे ड्रायव्हर भांडतात. सेफ मोडमध्ये जा, डीडीयूने सगळे उडवा, मग नवा टाका. दर अपडेटला हेच करा.’ डीडीयू, म्हणजे ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’, हे ड्रायव्हर मुळापासून पुसणारं चांगलं हत्यार आहे. सल्ल्यातलं बाकीचं तपासून घ्यावं लागतं.

दोन कंपन्यांचे ड्रायव्हर भांडतात? विंडोज व्हिस्टात चालू असलेल्या सगळ्या कार्डांना एकच ड्रायव्हर लागायचा. विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, ती अट गेली. आज इंटेल आणि एनव्हीडिया असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये गेमसारख्या जड कामात चित्र तयार करतं एनव्हीडिया, पडद्यापर्यंत पोचवतं इंटेल. तिथे इंटेलचा ड्रायव्हर उडवलात की विंडोजचा कामचलाऊ ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ उरतो आणि ब्राइटनेस कमीजास्त होईनासा होतो.

खरं भांडण एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत लागतं. एनव्हीडियाचं जीटी ७१० हे जुन्या केप्लर पिढीचं कार्ड. त्याचा पाठिंबा ड्रायव्हरच्या ४७० च्या शाखेवर (४७० ने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांवर) संपला. आरटीएक्स ४०६० या नव्या कार्डाला ती शाखा ओळखतच नाही. दोन्ही एका कॅबिनेटमध्ये घातलीत तर एक बंदच राहणार, डीडीयू कितीही वेळा चालवा.

‘दर अपडेटला’? गरज नाही. नवा ड्रायव्हर सरळ जुन्यावर टाका. गडबड वाटली तर एनव्हीडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा (कंट्रोल पॅनेलमधली तुमची सेटिंग्ज जातील). एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ आहे. बिघाड अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर आधी डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून बघा. ते बटण फिकट असेल, तर परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

आता सल्ल्यात न सांगितलेली गोष्ट: इंटरनेट. ड्रायव्हर पुसून मशीन सुरू झालं की विंडोज अपडेट स्वतःकडचा ड्रायव्हर गुपचूप उतरवू लागतं आणि त्याच वेळी तुम्ही इन्स्टॉलर चालवत असता. ‘इन्स्टॉलेशन फेल्ड’ अनेकदा इथून येतं. म्हणून नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, मग डीडीयू, रीस्टार्ट, इन्स्टॉल, पुन्हा रीस्टार्ट. नेट त्यानंतर.

सेफ मोडही (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करण्याची पद्धत) बिनधोक नाही. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) आधीपासून चालू असतं आणि सेफ मोडला जाताना ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी मोबाइलवर किंवा कागदावर उतरवून घ्या. खात्याचा पासवर्डही आठवून ठेवा, कारण तिथे पिन चालेलच असं नाही.

एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ (कार्डाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं, असा संदेश) दिसतच राहिला, तर ड्रायव्हरच्या मागे लागणं सोडा. कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा नीट बसवा, पॉवरची पिन पूर्ण आत गेली आहे का बघा, जमल्यास कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहा.