मोटर किती हॉर्सपॉवरची?

रोममधल्या त्रेवी कारंज्याच्या काठावर मी बसलो नव्हतो. बुटाची नाडी सुटली म्हणून कठड्यावर नुसता पाय टेकवला, तर गणवेशातली बाई शिट्टी फुंकत अशी धावून आली, जणू मी कारंज्यातल्या सागरदेव ओशनसच्या रथाचे घोडेच सोडून नेतोय. बसलं तर दंड आहे, ठाऊक आहे. पण शेजारी एकजण आइस्क्रीमचा ओघळ थेट संगमरवरावर सांडत होता, त्याला काही नाही!

तेवढ्यात मागून आवाज आला, "पुण्याचे का?"

"नाही, सांगली."

"तरीच."

तरीच काय, ते काकांनी सांगितलं नाही. टूरवाल्यांची टोपी, गळ्यात पासपोर्टची पिशवी. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. सव्वीस मीटर उंच त्या देखाव्याकडे त्यांनी टाकी तपासायला आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "मोटर किती हॉर्सपॉवरची असेल?"

मी म्हटलं, हे पाणी रोमन सेनापती अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ साली शहरात आणलं, तेव्हा कुठली मोटर?

"ते तेव्हा. आत्ता बिल कोण भरतं?"

इथे पाण्यात नाणं टाकलं की माणूस परत रोमला येतो, असं म्हणतात. पुढे त्यांनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं. काकू म्हणाल्या, "अहो, युरो टाका की, लोक बघतायत." काका म्हणाले, "युरो म्हणजे शंभर रुपये. परत यायचंच आहे ना रोमला? दोन रुपयांत येऊ." उजव्या हाताने, डाव्या खांद्यावरून, अगदी विधिवत. तळातली नाणी गोळा करून गरिबांसाठी कारितास संस्थेला देतात, असं मी सांगितलं. "मग तर बरंच झालं," काका म्हणाले. कुणाचं, देव जाणे.

या कारंज्याच्या उजव्या अंगाला दगडाचा एक भलामोठा कलश आहे. रोमकर त्याला बदामाचा एक्का म्हणावा तसं पत्त्यांतलं नाव देतात. आख्यायिका अशी की समोरचा न्हावी रोज दुकानातून कामाला नावं ठेवायचा, म्हणून कारंज्याचा वास्तुकार निकोला साल्वीने हा कलश बरोब्बर त्याच्या डोळ्यांसमोर उभा केला. बिचारा साल्वी १७५१ मध्ये गेला. कारंजं पुरं झालं १७६२ ला, पण न्हाव्याचा बंदोबस्त तेवढा चोख झाला. माझ्यापाशी दगड नव्हता. फोटोत कुठूनही काकांची टोपीच येत होती. एवढ्या गर्दीत, एवढा खर्च करून, घामाघूम होऊन आलेल्या माणसाला पाच मिनिटं गप्प उभं राहू देऊ नये का कुणी?

काका मात्र थेट त्या शिट्टीवाल्या बाईकडे गेले. दोन्ही हातांनी पंप फिरवून दाखवला, तोंडाने घर्र केलं. ती खळखळून हसली, "सिन्योरे, सिन्योरे" (म्हणजे 'साहेब, साहेब') करत त्यांना गर्दीतून वाट काढून देत पार पुढे घेऊन गेली. मला नव्हतं म्हटलं सिन्योरे.