दोन दिवसांचं काम आहे, भाऊ

आधी एक सांगून ठेवतो. घरी 'सध्या कर्नलचं काम चालू आहे' असं म्हणू नका. आमच्या मामांनी महिनाभर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, पोरगा कामठीच्या छावणीत लागला म्हणून. हा कर्नल फौजेतला नव्हे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बाकीचे सल्ले कामाचे आहेत, वहीत उतरवून घ्या.

आम्ही शीतगृहांसाठी तापमान नोंदवणाऱ्या पेट्या बनवतो. जुन्या पेटीत इंटेलच्या जातीचा प्रोसेसर, त्यावर लिनक्स. ती पेटी वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालली, हाच तिचा दोष. मार्चमध्ये साहेब कुठल्याशा प्रदर्शनातून रिस्क-फाइव्ह या वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरचा बोर्ड घेऊन आले. स्वस्त आहे, रॉयल्टी नाही, पुढचा जमाना याचाच आहे. मी विचारलं, किती वेळ द्याल? "लिनक्सच तं आहे नं. कंपाइल करून टाक. दोन दिवसांचं काम आहे, भाऊ." मी हे मेअखेरीला लिहून राहिलो. बाहेर ४५ डिग्री, कूलरची टाकी कोरडी, आणि दोन दिवस अजून संपायचे आहेत.

तर पहिला सल्ला: मुदत नेहमी बोर्ड पाहण्याआधी ठरवा. पाहिल्यावर ठरवली तर खरी सांगावी लागते. कोणी शंका काढलीच, तर 'लिनक्समध्ये सपोर्ट आहे' एवढं म्हणा. खोटं नाही ते. ४.१५ आवृत्तीत, जानेवारी २०१८ मध्ये, रिस्क-फाइव्ह मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मूळ प्रतीत, आलं. नागपुरात विमानतळ त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, म्हणून आपलं तिकीट निघालेलं नसतं, हे साहेबांना समजावायच्या फंदात पडू नका.

डिव्हाइस ट्री शेजारच्या बोर्डाची उचला. पीसीवर फर्मवेअर कर्नलला सांगतं, कुठे काय बसवलंय. या छोट्या बोर्डांवर तसं सांगणारं बहुधा कोणी नसतं. सिरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर, मेमरी किती, इंटरप्ट कोणता, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं, तीच डिव्हाइस ट्री. एक शून्य इकडचं तिकडे झालं की कर्नल धरमपेठेतला पत्ता घेऊन महाल भागातली दारं ठोठावत फिरतो. मी नऊ दिवस पडद्यावर 'स्टार्टिंग कर्नल' आणि त्यापुढचे तीन ठिपके बघत बसलो. त्या तीन ठिपक्यांवर मी प्रबंध लिहू शकेन. शेवटी कळलं की कर्नल पहिल्या दिवसापासून बोंबलत होता. मीच भलत्या पोर्टाला कान लावून बसलो होतो. त्याची तक्रार होती की रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सगळ्या फाइली ठेवायची मूळ जागा, सापडत नाही.

दोन थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या, मधले बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणाऱ्या सूचना, काढून टाका, इंटेलवर चाललं होतं नं!

उणे तापमानाकडे लक्ष देऊ नका. सी भाषेतला कॅरेक्टर हा आठ बिटांचा प्रकार इंटेलवर चिन्हासकट असतो, आर्म आणि रिस्क-फाइव्हवर बिनचिन्हाचा. आमच्या कोणा पूर्वजानं तापमान त्यातच साठवलं होतं. त्यामुळे आइस्क्रीमच्या खोलीतलं उणे १८ नव्या पेटीवर २३८ दिसलं. साहेब म्हणाले, सेन्सर खराब आहे. सेन्सर बदलला. २३८. मग दुसऱ्या कंपनीचा मागवला. तो बिचाराही प्रामाणिकच निघाला. खुद्द कर्नलवाल्यांना या भानगडीचा इतका वैताग आला की ६.२ पासून त्यांनी स्वतःच्या कोडसाठी सगळ्याच प्रोसेसरांवर तो बिनचिन्हाचा करून टाकला. आम्ही मात्र तीन सेन्सर विकत घेतले.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला: बोर्डवाल्याच्या सोर्स कोडवर विश्वास ठेवा. ड्राइव्हची लिंक येते, तिच्यात झिप, झिपमध्ये आणखी एक झिप. आत ५.१० चा कर्नल, म्हणजे डिसेंबर २०२० ची आवृत्ती. ५.१० नंतर कितवी दुरुस्ती? ते तुम्ही ओळखायचं. इतिहासात एकच कमिट, म्हणजे बदलाची नोंद, 'फर्स्ट कमिट', आणि त्यात अख्खा कर्नल. यांनी स्वतः काय बदललं हे हवं असेल, तर मूळच्या एकेका आवृत्तीशी ताडून बघा, जिथे फरक सगळ्यात कमी निघेल ती यांची. मी बघितलं. तीन रात्री. फरकात काय होतं? निम्मी ओळींच्या शेवटची रिकामी जागा. कोणीतरी विंडोजवर फाइली उघडून सेव्ह केल्या होत्या बाप्पा! उरलेल्यात घड्याळाचा ड्रायव्हर (बोर्डावरचा तो भाग चालवणारा कोड), त्यावर टीप: 'तात्पुरतं, नंतर काढणे'. आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर? फोल्डर आहे, नाव आहे, मेकफाइल आहे, आत सोर्सची एक ओळ नाही. शेजारी कंपाइल करून तयार केलेली फाइल तेवढी ठेवलीय, ५.१० साठी बांधलेली. ती नव्या कर्नलवर चढत नाही, चढणारच नाही, कारण कर्नलच्या आतल्या जोडण्या आवृत्तीगणिक बदलतात आणि बदलणार हे त्यांच्याच कागदपत्रांत लिहून ठेवलंय. वर वेक्टरची, म्हणजे एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांची, गंमत वेगळीच. त्या सूचनांचं १.० मानक २०२१ च्या शेवटी पक्कं झालं, पण या चिपेत ०.७.१ चा मसुदा छापलेला. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. नव्या कंपायलरनं बांधलेला प्रोग्राम पहिल्याच वेक्टर सूचनेवर मरतो. मसुद्यावर चिप छापायची घाई कोणाला झाली होती, आणि तो मसुदा आहे हे खोक्यावर काऊन नाही लिहिलं? मी पत्र पाठवलं. उत्तर आलं: 'प्लीज यूज अवर एसडीके.' म्हणजे त्यांचंच साधनांचं गाठोडं वापरा. दुसरं पाठवलं. तेच उत्तर, खाली 'हॅव अ नाइस डे' वाढवून.

कर्नलमध्ये पॅच, म्हणजे आपण केलेले बदल, पाठवायच्या भानगडीत तर पडूच नका. तिकडचे लोक प्रश्न विचारतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, इडापीडा गावाबाहेर घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. कर्नलवाल्यांचीही निघते. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून त्यांनी एकदम आठ आर्किटेक्चरं, म्हणजे प्रोसेसरच्या जाती, बाहेर काढली. जानेवारी २०२४ ला ६.७ मधून इटॅनियम गेलं, ते तर खुद्द इंटेलचं होतं. वापरणारे उरले नाहीत, सांभाळणारे उरले नाहीत, घेऊन जा गे मारबत. पण ती एकदा घरात तरी होती. तुमचा बोर्ड उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही. कारण तुम्ही आणलाच नाही.

हो, तुम्हालाच बोलून राहिलो, बोर्डवाले. तुमच्या इंजिनिअरनं कधीतरी रात्र जागून तो डिस्प्ले चालवला असेल, तो कोड कुठेतरी पडून आहे. वेळच्या वेळी मुख्य कर्नलकडे पाठवला असता, तर पुढचे बदल तिकडच्या लोकांनीच त्यात केले असते. ५.१० ची देखभाल डिसेंबर २०२६ ला संपते. आमची पेटी शीतगृहात दहा वर्षं टांगलेली राहते, त्यांच्या नेटवर्कला जोडलेली. त्यानंतर तिच्यात भोक सापडलं की बुजवायला कोण येईल, तुमचा नाइस डे? कर्नल जीपीएलखाली, म्हणजे पुढे देताना सोर्सही द्यायच्या अटीवर, फुकट मिळाला तेव्हा बरा गोड लागला. सोर्स द्यायची पाळी आली की झिपात झिप.

आणि साहेब, तुम्हीही. बोर्ड घेताना तुम्ही किंमत विचारली, गॅरंटी विचारली, रंगसुद्धा विचारला. मुख्य कर्नल यावर चालतो का, एवढं एक विचारलं असतं तर हे तीन महिने वाचले असते. 'बूट तं होते नं, पाठवून दे' म्हणू नका. पडदा काळा आहे. शीतगृहाचा माणूस काय अंधारात तापमान वाचेल?

बोर्डवाले, झिपमधलं ते डिस्प्लेचं फोल्डर रिकामं आहे. तेवढं भरून पाठवा. एसडीकेची लिंक नको, ती माझ्याकडे चार वेळा आलीय.