‘नुसती बडबड कोण ऐकणार?’ दुतोंड्या मारुतीला विचारा

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस मेसेज चार वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. बोलणारा कोण, ते कुणालाच माहीत नाही, पण बोलतो झकास. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रेडिओ म्हणजे गाणी. विलायतेत बीबीसीचं ‘रेडिओ ४’ नावाचं स्टेशन आहे, त्यावर दिवसभर नुसत्या बातम्या आणि बडबड चालते, ती म्हातारे ऐकतात. आपल्या लोकांना असलं कधी आवडलंच नाही, म्हणून इथे ते चाललं नाही. आणि आता पॉडकास्ट असताना बोलक्या रेडिओची गरजच काय?

मेसेज साडेसहा मिनिटांचा आहे. त्यात एकही गाणं नाही. तरी ग्रुपातल्या मंडळींनी तो शेवटपर्यंत ऐकून पुढे ढकलला!

माझं नाशिकला रविवार कारंजाजवळ पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यात हात आणि डोळे अडकलेले, कान तेवढे रिकामे, म्हणून रेडिओ ४ही ऐकतो. त्यामुळे या विषयात मी थोडंफार बोलू शकतो.

आधी ‘दिवसभर बातम्या’. सकाळी बातम्या असतात, भरपूर असतात. ‘टुडे’ हा त्यांचा सकाळचा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे. पण त्यानंतर दिवस कुठल्या कुठे जातो. बायकांसाठीचा ‘वुमन्स अवर’ १९४६ पासूनचा (गंमत म्हणजे पहिला निवेदक पुरुष होता). मग नभोनाट्य, पुस्तकाचं क्रमशः वाचन, विनोदी प्रश्नमंजुषा, प्राध्यापकांना बसवून एखाद्या विषयाचा कीस पाडणं. आणि मध्यरात्र उलटून ४८ मिनिटं झाली की जहाजांसाठी हवामान. त्यांच्या उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ५ वाजून १८ मिनिटं झालेली असतात. मी तेव्हा चहा ठेवत असतो.

ते हवामान ऐकण्यासारखं आहे. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग पाडलेत. व्हायकिंग, नॉर्थ उत्सिरे, साउथ उत्सिरे, फोर्टीज, क्रोमार्टी... ठरलेल्या क्रमाने एकेकाचं नाव आणि पुढे वाऱ्याची दिशा, जोर, पाऊस, किती लांबचं दिसेल ते. एक शब्द जास्त नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी होडीत पायही ठेवलेला नसतो, तरी ते ऐकून मग दिवा घालवतात.

यात वेडेपणा वाटत असेल तर जुलै-ऑगस्टमधलं नाशिक आठवा. गंगापूर धरणातून विसर्ग किती क्युसेक, होळकर पुलाखाली किती, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती, ते आम्ही या मूर्तीवरून मोजतो) गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला. ज्याचं दुकान सराफ बाजारात आहे त्याचं ठीक, त्याला माल वर चढवायचा असतो. पण सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूसही ‘छातीला लागलं का हो?’ विचारतोच ना! ती बडबडच आहे, आकड्यांची. कंटाळा आल्याचं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

‘म्हातारे ऐकतात’ हे मात्र बरंचसं खरं. तिथल्या श्रोत्यांचं सरासरी वय पन्नाशीपुढे आहे. असू दे. आमच्या दुकानाचं गिऱ्हाईकही त्याच वयाचं आहे, तरुण मंडळी मिक्सर दुरुस्त करत नाहीत, नवा घेतात.

‘आपल्या लोकांना आवडत नाही’ हा मुद्दा सगळ्यात कच्चा. तिथली ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येते. महायुद्धानंतर रेशनिंग चालू होतं, धान्य वाढवायचं होतं, म्हणून शेतीच्या नव्या पद्धती गोष्टीतून सांगायची ती युक्ती. शेतीखात्याचा सल्ला त्यात असे. आणि आपल्याकडे? १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून खास कार्यक्रम झाले आणि आसपासच्या मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं बसवली. आधी ऐकायचं, मग आपसात चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. नमुना कॅनडाचा होता, माणसं आपली होती. नाशिकमध्ये तर १९२२ पासून गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते. मे महिन्यातल्या उकाड्यात लोक तिथे गाणी ऐकायला जमत नाहीत.

मग खासगी एफएमवर सारखी गाणीच का? आवड हे त्याचं अर्धंच उत्तर. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्याकडे परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल सांगता येतात. शहरात काय चाललंय यावर बातमीदार ठेवून बोलायला बंदी, आणि वर म्हणायचं की लोकांना बोललेलं आवडत नाही. भटारखान्याला कुलूप घालून पाहुण्यांना भूक नाही म्हणण्यातला प्रकार. पैशाचाही प्रश्न आहेच. रेडिओ ४ वर जाहिराती नाहीत, खर्च टीव्हीच्या लायसन्स फीतून निघतो. आपल्याकडेही एकेकाळी रेडिओचं लायसन्स होतं, पोस्टात पैसे भरायचे.

राहिलं पॉडकास्ट. मीही ऐकतो. पण ते आपण निवडतो, म्हणजे आपल्याला आधीच आवडणारंच ऐकतो. माझी आई चौथी शिकलेली. पुण्याच्या ७.१० च्या प्रादेशिक बातम्यांसाठी ती रेडिओ लावायची, तो लवकर लागायचा आणि ६.५५ च्या संस्कृत बातम्या आपोआप कानावर पडायच्या. ‘संस्कृत बातम्या’ असं शोधून तिने जन्मात काही लावलं नसतं. पण पोळ्या लाटताना आम्हाला गप्प बसवायचं झालं की ती त्या बातम्यांतलाच शब्द म्हणायची, ‘श्रूयन्ताम्!’ म्हणजे ऐका.

एक कबुली देतो. पंख्याच्या मोटारीचं वाइंडिंग करताना मी रेडिओ ४ बंद करतो आणि गाणी लावतो. वेढे मोजावे लागतात. गाणं चालू असलं तर मोजणी बिघडत नाही, कुणी बोलत असेल तर एकशेचाळीसवर पोचून पुन्हा पहिल्यापासून.