बाबागाडी चालते किती, उचलावी लागते किती: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. घडीच्या हलक्या बाबागाडीवरील माझ्या लेखावर आपण दिग्रसकडून सविस्तर प्रतिक्रिया पाठवली, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, सहा किलोची आणि बोटभर जाडीच्या चाकांची गाडी शहरातल्या गुळगुळीत फरशीवर शोभते, आपल्याकडच्या मुरमाच्या सडकेवर किंवा पांदणीत, म्हणजे वावरात जाणाऱ्या मातीच्या वाटेवर, ती धड चालत नाही. मी मोठ्या चाकांची मजबूत गाडी सुचवायला हवी होती. आणि आपल्या घरची लेकरे कडेवर वाढत आली असताना पाच-सात हजारांची ही हौस कशाला. माझा लेख वाचून सूनबाईंनी गाडी मागवली आणि ती फाटकाच्या उंबरठ्यालाच अडते, असेही आपण लिहिले आहे. एका घरचे पैसे माझ्या शब्दावर खर्च झाले असल्यामुळे चार ओळींत उत्तर देणे मला पटले नाही.

मुरमाच्या सडकेवर मोठे चाक सरस ठरते, हे आपले म्हणणे वादातीत आहे. चाक स्वतःच्या त्रिज्येइतका उंच अडथळा नुसते पुढे ढकलून चढूच शकत नाही. हलक्या गाडीच्या १३ सेंटीमीटर व्यासाच्या चाकासाठी ही हद्द साडेसहा सेंटीमीटरची होते, आणि त्याच्या निम्म्या उंचीचा दगड आला तरी चांगलाच जोर लावावा लागतो. तेव्हा ज्यांचे घर वावरात आहे आणि ज्यांना रोज लेकराला त्याच मुरमावरून फिरवायचे आहे, त्यांनी मोठ्या चाकांचीच गाडी घ्यावी.

परंतु पांदणीची गोष्ट वेगळी आहे, आणि आपण दोन्ही रस्ते एकाच मापाने मोजले आहेत. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला की चाकाला आधी पातळ थर चिकटतो, पुढच्या फेऱ्यात त्या थरावर खडे आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या बसतात, आणि थोड्याच अंतरात चाक व त्याला धरणारा दांडा यांमधली फट गच्च भरून चाक फिरायचे थांबते. मग गाडी चालत नाही, नुसती घसटत जाते. मोठ्या चाकाच्या गाडीचेही हेच होते, फक्त थोडे उशिरा. फरक पडतो तो त्यानंतर. रुतलेली सहा किलोची गाडी एका हातात आणि लेकरू कडेवर, असे बाईमाणसाला एकटीने घरी येता येते. बारा-तेरा किलोची गाडी रुतली तर ती तिथेच सोडावी लागते किंवा मदतीला कुणाला तरी हाक मारावी लागते.

माझ्या संपूर्ण लेखाचा आधार हाच होता, आणि तो आज अधिक स्पष्ट मांडते. खेड्यात बाबागाडी निवडताना ती किती सहज ढकलता येते हे दुय्यम असून ती किती वेळा उचलावी लागणार आहे, हा पहिला प्रश्न आहे. आमच्या गावची आई गाडी बाहेर काढते ती बहुधा तालुक्याला किंवा यवतमाळला दवाखान्यात जायचे असते तेव्हा, माहेरच्या लग्नाला किंवा शेगावच्या दर्शनाला निघायचे असते तेव्हा. त्या प्रवासात गाडी चाकांवर चालते ती गावातल्या सिमेंट रस्त्यावर, रेल्वेच्या फलाटावर, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आणि मंगल कार्यालयाच्या फरशीवर, म्हणजे जिथे लहान चाकांची काहीच अडचण नसते. बाकी सगळीकडे, एस.टी.च्या पायऱ्या, काळीपिवळी जीपची मागची बाजू, स्टेशनचा जिना, पायऱ्यांचे मंदिर, इथे गाडी आईच्या हातावर चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १२.२ किलो आणि मुलीचे ११.५ किलो असते. त्यात सहा किलोची गाडी मिळवली तर अठराच्या आसपास ओझे होते, आणि बारा किलोची मिळवली तर चोवीस. पिशवी आणि पाण्याची बाटली यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्याकडच्या लेकी-सुना सोबतीची वाट न पाहता एकट्या निघतात, आणि मला हे फार मोलाचे वाटते. त्या पहिल्या उंच पायरीवर ते ओझे पेलणारा दुसरा हात त्यांच्याजवळ नसतो.

हलकी गाडी ही मॉलवाल्यांची हौस आहे, या आपल्या समजुतीला इतिहासही दुजोरा देत नाही. छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लॅरन या ब्रिटिश वैमानिकी अभियंत्याने तयार केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस आपल्यासारखाच आजोबा होता, आणि परदेशातून आलेल्या लेकीला जड बाबागाडी वागवताना पाहून त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची सुमारे २.७ किलोची गाडी बनवली. प्रवासात उचलण्याची अडचण हेच तिच्या जन्माचे कारण होते.

घडीच्या प्रकाराबद्दल मात्र मूळ लेखात अधिक लिहायला जागा होती, ते इथे लिहिते. छत्रीसारखी मिटणारी गाडी बारीक पण जवळपास मीटरभर लांब होते, ती एस.टी.त दाराजवळच्या कोपऱ्यात उभी करता येते, मोटारसायकलवर मात्र ती आडवी बाहेर येते आणि धोक्याची ठरते. तीन घड्यांची गाडी साधारण अर्ध्या मीटरच्या चौकोनात बसते, तिला खांद्यावर टाकायला पट्टा असतो आणि ती सीटपुढे पायांजवळ मावते. आपल्याकडचा बराच प्रवास मोटारसायकल, ऑटो आणि एस.टी. यांचा असल्यामुळे मी तीन घड्यांच्या गाडीला पसंती दिली. दुकानात पाहणार असाल तर लेकरू कडेवर घेऊनच एका हाताने गाडी मिटवून पाहावी आणि पट्ट्याने उचलून दोन पायऱ्या चढावी. जाहिरातीत एका हाताने मिटणाऱ्या कित्येक गाड्यांना प्रत्यक्षात गुडघ्याचाही आधार लागतो.

मिटवताना लेकराचा हात जवळ नसावा, हे मी आग्रहाने सांगते. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरन कंपनीला बिजागरीत लेकरांच्या बोटांची टोके तुटल्याच्या तक्रारींवरून सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची आच्छादने पुरवावी लागली होती. घडीचा खटका लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय लेकराला बसवू नये, आणि पाच पट्ट्यांचा बेल्ट दारापर्यंतच जायचे असले तरी लावावा.

आपण उन्हाचा उल्लेख केला नाही, पण मला मुरमापेक्षा त्याचीच काळजी अधिक वाटते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे गाडीवर सर्रास दुपट्टा टाकतात. कोरडा कपडा सगळीकडून झाकला की वारा अडतो, आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते, आणि लेकरू झोपले आहे असे समजून कुणी आत पाहत नाही. शिवाय गाडीतले लेकरू जमिनीच्या जवळ असते आणि तापलेल्या सिमेंटची धग त्याला आपल्याआधी लागते. मोठे छत आणि पाठीमागे जाळीची खिडकी असलेली, फिक्या रंगाची गाडी घ्यावी, दुपारी ती बाहेर काढूच नये, आणि बक्कल कातडीला लावण्याआधी आपल्या हाताने तपासावे.

राहिला प्रश्न कडेवर वाढण्याचा. आपल्या आया-आज्यांनी कडेवर आणि झोळीत लेकरे वाढवली याचा मला अभिमान आहे, आणि घरात, ओट्यावर, वावरात कडेइतकी चांगली जागा लेकराला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही पाच वर्षांखालील लेकराला बाबागाडीत एका वेळी एक तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असेच सांगितले आहे. त्याच सूचनांत पाठीशी बांधण्यालाही तोच नियम लावला आहे. चालायला लागलेल्या लेकराला चालू द्यावे, यावर आपले दुमत नाही. परंतु दवाखान्याच्या रांगेत तापाने गळालेले बारा किलोचे लेकरू दोन-तीन तास कडेवर धरून उभी राहणारी बाई, किंवा नातवाला सांभाळणारी गुडघेदुखीची आजी, यांच्यासाठी ही गाडी हौस नाही. पैशांचा प्रश्न खरा आहे, म्हणून आमच्याकडे एकच गाडी जावा-जावांत आणि नणंदेकडे फिरते; बैठकीचे कापड धुता येणारी आणि चाके सुटी मिळणारी गाडी घेतली की ते जमते.

सूनबाईंची गाडी परत करण्याआधी थोडे करून पाहावे. फाटकाच्या उंबरठ्यावर गाडी पुढे ढकलू नये. ती वळवून, लेकराचा बेल्ट लावलेला असताना, मागची चाके आधी चढवून उलटी ओढावी. ते अवघड वाटल्यास दांडी खाली दाबून पुढची चाके उचलावी, उंबरठ्यापलीकडे टेकवावी आणि मग मागची उचलून घ्यावी. मुरमावर पुढची गरगर फिरणारी चाके खटक्याने सरळ अडकवून ठेवली की गाडी भरकटत नाही. दांडीला भाजीची पिशवी मुळीच अडकवू नये, कारण लेकरू उतरताच इतकी हलकी गाडी पिशवीसकट मागे पडते. तसेच गाडीवरील पट्टीवर कमाल वजन पाहावे. युरोपच्या ई.एन. १८८८ या मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या लेकरांसाठी आहे. तीन वर्षांचा मुलगा सरासरी १४ किलोच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे १५ किलोची गाडी आपल्या नातवाला थोडेच दिवस पुरेल आणि तेवढ्यासाठी ती बदलून घेणे योग्य ठरेल. पट्टीवर काय लिहिले आहे ते आणि नातवाचे वजन कळवावे, म्हणजे ठेवावी की बदलावी हे मी नेमके सांगू शकेन.