‘टिचकी मारून बेअरिंग निवडा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धा जवळ आल्या की एक सल्ला हमखास फिरू लागतो. बेअरिंग बोटावर धरून टिचकी मारा. जास्त वेळ फिरेल ते कमी घर्षणाचं. साधं असेल तर पेट्रोलमध्ये धुऊन ग्रीस काढून टाका. परवडत असेल तर सिरॅमिक घ्या, आणि एबेकचा (बेअरिंगच्या अचूकतेच्या श्रेणीचा) आकडा जितका मोठा तितकं उत्तम. एकेक मुद्दा तपासू.

टिचकी. रिकामं बेअरिंग किती वेळ फिरतं, यावरून आत ग्रीस किती आहे आणि सील किती घासतो एवढंच कळतं. त्यावर भार नसतोच. भारामुळे येणारं घर्षण काढायचं साधं सूत्र आहे: ०.५ × घर्षणांक × भार × आतला व्यास. खोल खाचेच्या बॉल बेअरिंगचा घर्षणांक साधारण ०.००१५. १५ किलोचा रोबोट चार चाकांवर उभा असेल तर एका चाकावर ३७ न्यूटन येतात. तो सगळा भार एकाच ६०८ बेअरिंगवर (८ मिमी भोक) टाकला, तरी उत्तर येतं सुमारे ०.२२ न्यूटन-मिलिमीटर. आता त्याच १०० मिमी व्यासाच्या चाकाचा जमिनीशी रोलिंग विरोधाचा (घरंगळताना होणाऱ्या अडथळ्याचा) गुणांक ०.०२ धरा: ०.०२ × ३७ × ५० म्हणजे ३७ न्यूटन-मिलिमीटर. ग्रीसचा विरोध मिळवला तरी बेअरिंगचा वाटा किरकोळच राहतो. टिचकीऐवजी बेअरिंग सावकाश फिरवा आणि बोटाला खरखर किंवा अडखळ लागते का ते पाहा. लागली तर फेकून द्या.

या सल्ल्यात एक गोष्ट अर्धी खरी आहे. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं बेअरिंग खरोखरच जड फिरतं, कारण सीलची कड आतल्या रिंगवर टेकलेली असते. बंदिस्त मैदानावर झेडझेड, म्हणजे न टेकणारी पत्र्याची झाकणी असलेलं घ्या. वाळू-पाणी असेल तर मुकाट्याने रबर सील.

ग्रीस धुणं. हा सल्ल्यातला सर्वात घातक भाग. कोरड्या बेअरिंगमध्ये गोळ्या केजवर (त्यांना अंतरावर धरणाऱ्या जाळीवर) घासतात, धातू धातूला लागतो आणि ओलसर हवेत गंज चढतो. गंज सोडवायचे स्प्रेही तेच करतात: ग्रीस विरघळवतात आणि मागे पातळ थर तेवढा ठेवतात. धुतलंच असेल तर हलक्या मशीन तेलाचे एक-दोन थेंब घाला, आणि हे तेल पुन्हापुन्हा घालावं लागेल हे धरून चाला.

सिरॅमिक. सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या हलक्या असतात, त्याचा फायदा फार मोठ्या वेगात होतो. साध्या ६०८ झेडझेडची वेगमर्यादाच मिनिटाला ३० हजार फेऱ्यांच्या वर असते. चाक काही शे फेऱ्यांत फिरतं. उलट या गोळ्या पोलादापेक्षा ताठ असल्याने आदळल्यावर टेकण्याची जागा लहान राहते आणि पोलादी रिंगवर खळगा लवकर पडतो. आणि स्पर्धेत रोबोट आदळणारच.

एबेक फक्त मापांची आणि फिरण्यातल्या डगमगीची अचूकता सांगतो. घर्षण, ग्रीस, गोळ्यांचा दर्जा यांबद्दल काही नाही. एबेक १ मध्येही या आकाराच्या आतल्या रिंगची डगमग १० मायक्रॉनच्या आत असते. तुमच्या ड्रिलच्या भोकाची चूक त्याच्या कितीतरी पट.

मग रोबोट जड का चालतो? बहुतेक वेळा बसवण्यामुळे. चाकाचा शाफ्ट ज्यांतल्या बेअरिंगांवर बसतो त्या दोन प्लेटांमध्ये १०० मिमी अंतर आहे आणि भोकं अर्धा मिमी सरकली आहेत, असं समजा. शाफ्ट सुमारे १७ कलांनी (६० कला म्हणजे एक अंश) तिरका झाला. असं बेअरिंग २ ते १० कलाच सहन करतं. म्हणून दोन्ही प्लेटा एकत्र आवळून एकदमच ड्रिल करा. ६०८ साठी प्लेटमधलं भोक २२ मिमी, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासाएवढं. थ्रीडी प्रिंटमध्ये ते बारीक येतं, तेव्हा २२.०, २२.१ आणि २२.२ चे छोटे नमुने छापून अंगठ्याच्या दाबाने बसेल ते माप घ्या. फार आवळलं तर आतली ढिलाई, जी मुळात २ ते १३ मायक्रॉनच असते, संपून गोळ्या चिमटतात. प्लेटमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवरच द्या. आतल्या रिंगवर ठोकलं की जोर गोळ्यांमधून जातो, खाचेत खड्डे पडतात.

शेवटचा गुन्हेगार कॉलर, म्हणजे शाफ्टवर आवळायचं कडं. साधा ८ मिमी वॉशर १६ मिमी व्यासाचा, म्हणजे तो झाकणीवर घासू शकतो. आतल्या रिंगवरच टेकणारा १०-११ मिमी बाहेरच्या व्यासाचा स्पेसर (अंतर राखणारं कडं) घाला, आणि कॉलर आवळताना शाफ्टला लांबीच्या दिशेने ०.२ ते ०.३ मिमी खेळ ठेवा. एक बेअरिंग शाफ्टला धरून ठेवील, दुसरं सरकू द्या.

मोजायचं असेल तर मोटर सोडवा, चाक उचला, कडेला दोरा गुंडाळून वजन लटकवा. १०० मिमी चाकावर २० ग्रॅमने फिरू लागलं, तर विरोध सुमारे १० न्यूटन-मिलिमीटर. चाक एका बाजूला जड असू शकतं, म्हणून तीन-चार जागांवरून सुरू करून पाहा. मग एकेक कॉलर ढिली करा. जिथे वजन एकदम कमी लागतं, दोष तिथे आहे.