पाच ओळींतलं सबप्रोसेस

पायथॉन लिहिणाऱ्यांच्या ग्रुपांवर सबप्रोसेसबद्दल, म्हणजे पायथॉनमधून दुसरा प्रोग्राम चालवण्याच्या सोयीबद्दल, एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि तिन्ही वेळा खाली अंगठ्यांची रांग होती. थोडक्यात तो असा: ‘बाहेरचा प्रोग्राम चालवायचाय? डॉक्युमेंटेशन वाचत बसू नका. एक, शेल=ट्रू द्या आणि कमांड टर्मिनलवर लिहिता तशीच लिहा. दोन, स्टडआउट आणि स्टडएरर दोन्हींना पाइप लावा, वेट करा, मग निवांत वाचा. तीन, स्टडएरर रिकामं असेल तर काम फत्ते, काही आलं असेल तर चूक. चार, इनपुट द्यायचं नसेल तर स्टडइन विसरून जा. पाच, अडकण्याची भीती असेल तर टाइमआउट द्या, प्रोसेस आपोआप मरेल.’ (शेल म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. स्टडइन, स्टडआउट आणि स्टडएरर हे प्रोग्रामाचे इनपुट, आउटपुट आणि सूचना यांचे तीन प्रवाह. पाइप म्हणजे असा प्रवाह दुसऱ्या प्रोग्रामापर्यंत नेणारी नळी, आणि वेट म्हणजे प्रोग्राम संपेपर्यंत थांबणं.)

हे पाचही सल्ले बहुतेक वेळा चालून जातात, आणि पंचाईत तिथेच आहे. मी स्वतः ते पाळून जवळजवळ वर्षभर काम केलं. जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन केलेले अंक होते. पीडीएफमधून एकेका पानाचं चित्र काढायचं, ते टेसरॅक्टला (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामाला) द्यायचं, निघालेला मजकूर साठवायचा. प्रत्यक्ष राबणारे प्रोग्राम वेगळेच, पायथॉन फक्त मुकादम. मुकादमाला काय काय बघावं लागतं ते मी त्या वर्षात शिकले.

सुरुवात दुसऱ्या नियमापासून करते, कारण माझी एक अख्खी रात्र त्यानेच खाल्ली.

पन्नास-साठ पानांचे नेहमीचे अंक सुरळीत होत होते. मग तीनशेवर पानांचा एक दिवाळी अंक आला आणि स्क्रिप्ट थांबली. एररचा पत्ता नाही, प्रोसेसर शून्यावर, मेमरी जागच्या जागी. मला वाटलं फाइल खराब असेल. तोच प्रोग्राम टर्मिनलवर हाताने चालवला तर चार मिनिटांत झाला. पुन्हा स्क्रिप्टमधून चालवला, पुन्हा गप्प. रात्री दोनला शेवटी एस-ट्रेस, म्हणजे प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन, लावून पाहिलं. चाइल्ड प्रोसेस (पायथॉनने सुरू केलेला प्रोग्राम; सुरू करणारा तो पेरेंट) स्टडएररवर एक ओळ लिहायला गेला होता आणि त्या राइटमध्येच उभा होता. इकडे माझा पायथॉन वेटमध्ये, तो कधी संपतो याची वाट बघत.

पाइप म्हणजे अथांग विहीर नव्हे. तो कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एक हौद आहे, आणि लिनक्सवर त्याचा नेहमीचा आकार ६५,५३६ बाइट. हौद भरला की लिहिणाऱ्याला कर्नल थांबवून ठेवतो, वाचणाऱ्याने थोडा उपसेपर्यंत. आता संदेशातला क्रम पुन्हा वाचा: आधी वेट, मग वाचन. चाइल्ड म्हणतो, तू वाचल्याशिवाय मी संपणार नाही. पेरेंट म्हणतो, तू संपल्याशिवाय मी वाचणार नाही. जुन्या अंकाचा तो पीडीएफ थोडा बिघडलेला होता आणि चित्रं काढणारा प्रोग्राम दर पानाला तक्रारी करत होता. साठ पानांच्या तक्रारी हौदात मावत होत्या, तीनशे पानांच्या मावल्या नाहीत, इतकंच. ‘माझ्याकडे तर चालतं’ असं ठणकावून सांगणाऱ्यांच्या प्रोग्रामांनी ६४ केबीची रेषा अजून ओलांडलेली नसते. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वेटच्या माहितीला लागूनच हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे. संदेश म्हणतो ते वाचू नका.

यावर कोणी सुचवतं की मग आधी स्टडआउट शेवटपर्यंत वाचा, नंतर स्टडएरर, आणि मग वेट करा. हे आगीतून फुफाट्यात. तुम्ही स्टडआउट संपण्याची वाट बघत असताना स्टडएररचा हौद भरला की पुन्हा तोच तिढा. दोन्ही पाइप एकाच वेळी उपसावे लागतात. पायथॉनचं कम्युनिकेट हे फंक्शन हेच करतं, आणि सबप्रोसेस.रन आतून कम्युनिकेटच वापरतं. मात्र ते सगळं आउटपुट मेमरीत धरून ठेवतं, त्यामुळे दोन जीबीचा व्हिडिओ स्टडआउटवर सोडणाऱ्या प्रोग्रामाला ते लावू नये. तिथे पाइप हवाच कशाला? उघडलेली फाइल थेट स्टडआउट म्हणून द्या, चाइल्ड तिच्यात परस्पर लिहील आणि पायथॉनला मध्ये हमाली उरणार नाही. नको असलेला प्रवाह डेव्हनलला, म्हणजे आलेलं सगळं टाकून देणाऱ्या खास फाइलीला, सोडा. स्टडएरर स्टडआउटमध्ये मिसळला तर उपसायला एकच पाइप राहतो, हेही पुष्कळदा पुरतं.

मिसळताना एक गोष्ट खटकेल, तिचाही उलगडा इथेच करते. माझ्या लॉगमध्ये ‘पान ४१ वाचता आलं नाही’ ही ओळ ‘पान १२ झालं’ याच्या वर आली होती. सी लायब्ररी स्टडआउट टर्मिनलला जोडलेला असेल तर ओळ पूर्ण झाली की पाठवते. पाइप किंवा फाइल दिसली की गठ्ठा साठेपर्यंत दाबून ठेवते. स्टडएरर मात्र साठवत नाही, आला की गेला. म्हणून चूक आधी पोचते आणि तिच्या आधीच्या ओळी मागून येतात. चाइल्ड पायथॉनचाच असेल तर त्याला उणे-यू हा ‘साठवू नको’ सांगणारा पर्याय द्या. इतरांसाठी स्टडबफ आहे, पण ते सी लायब्ररीच्या नेहमीच्या वाटेने लिहिणाऱ्या प्रोग्रामांनाच लागू पडतं.

तिसरा नियम: स्टडएररवर काही आलं म्हणजे चूक. नावात एरर आहे म्हणून हा समज. मूळ हेतू वेगळा होता. युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटरवर मजकूर छापायला पाठवायचे, फोटोचा कागद धुऊन बाहेर यायचा आणि त्यावर मजकुराऐवजी सुबक अक्षरांत ‘फाइल उघडता आली नाही’ एवढीच ओळ असायची. असे काही कागद वाया गेल्यावर माणसाशी बोलण्यासाठी वेगळा प्रवाह आला. तेव्हा स्टडएरर ही बोलण्याची जागा आहे, आणि तिथे चांगल्या कामाबद्दलही बोलतात. टेसरॅक्ट तिथे रिझोल्यूशनचा अंदाज सांगतो. व्हिडिओ हाताळणारा एफएफएमपेग आपला सगळा वृत्तांत तिथेच लिहितो. फाइली उतरवणाऱ्या कर्लची प्रगतीची पट्टी आणि कोडची प्रत घेणाऱ्या गिट क्लोनचं ‘अमुक फोल्डरमध्ये घेतो आहे’ हेही तिथलंच. संदेशाच्या हिशेबाने माझी निम्मी पानं ‘चुकलेली’ होती, आणि त्यांतला मजकूर मात्र उत्तम निघालेला.

निकाल एक्झिट कोडमध्ये, म्हणजे प्रोग्राम संपताना परत देतो त्या आकड्यात, असतो, आणि तोही वाचता यावा लागतो. शून्य म्हणजे झालं, हे बरोबर. शून्य नाही म्हणजे बिघडलं, हे नेहमीच नाही. फाइलींत शब्द शोधणारा ग्रेप १ देतो तेव्हा शब्द सापडलेला नसतो. खरी चूक झाली तर २. फाइलींची तुलना करणाऱ्या डिफचा १ म्हणजे फाइलींत फरक आहे. अशांना चेक=ट्रू (शून्याखेरीज कोणताही कोड ही चूक समज) लावलं तर ‘सापडलं नाही’ या साध्या उत्तरावर एक्सेप्शन उडतं. पायथॉनला कोड उणे ९ दिसला तर चाइल्डला सिग्नल ९ने, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने संपवणाऱ्या हुकमाने, मारलं आहे. तीच गोष्ट शेलमार्फत आली तर १३७ दिसते, म्हणजे १२८ अधिक ९. सर्व्हरवर १३७ दिसला की मी आधी मेमरी बघते, कारण मेमरी संपल्यावर कर्नल हाच सिग्नल वापरतो. आणि युनिक्सवर हा कोड आठच बिटांचा. चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून परत करणारा एखादा हौशी टेस्ट प्रोग्राम असेल, तर बरोबर २५६ चुका झाल्या की तो शून्य देईल.

आता पहिला नियम, शेल=ट्रू. यावर बहुतेक जण सुरक्षिततेचं व्याख्यान देतात. ते बरोबरच आहे: बाहेरून आलेल्या फाइलनावात अर्धविराम आणि त्यापुढे एखादी कमांड असेल तर शेल ती इमानाने चालवेल. पण ‘माझ्या स्क्रिप्टला कोण हॅक करतंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधं उदाहरण. फाइलचं नाव ‘दिवाळी अंक १९६२ (भाग २).पीडीएफ’. यात कोणी शत्रू नाही. तरी नावातल्या मोकळ्या जागांनी शेल त्याचे तुकडे करतो आणि कंस दिसला की वाक्यरचना चुकली म्हणून हात वर करतो. कमांड यादीच्या रूपात दिली तर नाव आहे तसं प्रोग्रामापर्यंत पोचतं, मध्ये कोणी लुडबुड करत नाही. शिवाय ‘टर्मिनलवर लिहिता तशीच’ हेही खरं नाही. उबंटूवर तुमच्या टर्मिनलमध्ये बॅश हा शेल असतो; शेल=ट्रू चालवतं /बिन/एसएच, आणि तिथे तो डॅश हा वेगळा, साधा शेल आहे. बॅशच्या खास सोयी तिथे नाहीत. आणखी एक छोटा फरक मला फार महागात पडला: प्रोग्राम इन्स्टॉलच नसेल तर यादीच्या रूपात लगेच फाइल-सापडली-नाही असं एक्सेप्शन येतं, शेलमार्फत गेलात तर शेल सुरू झाला म्हणून सगळं ठीक, आणि १२७ हा कोड मुकाट्याने परत येतो. तो कोण बघतंय?

यादी दिली की सगळे प्रश्न सुटले असंही समजू नका. उणे चिन्हाने सुरू होणारं फाइलनाव प्रोग्रामाला पर्याय वाटतं. आणि विंडोजवर मुळात यादी नसतेच, सगळे अर्ग्युमेंट एका ओळीत जोडून जातात. बॅच फाइलींच्या बाबतीत ती ओळ नीट बंदिस्त होत नाही, हे एप्रिल २०२४मध्ये रस्ट भाषेतल्या त्रुटीच्या निमित्ताने चांगलंच गाजलं होतं.

चौथा नियम, स्टडइन विसरून जा. तुम्ही विसरलात तरी चाइल्ड विसरत नाही. त्याला तुमचा स्टडइन वारशाने मिळतो. सर्व्हरांच्या नावांची फाइल शेलच्या व्हाइल-रीड लूपमध्ये ओळीओळीने वाचायची आणि प्रत्येकावर एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामाने) कमांड चालवायची, हा खेळ ज्यांनी केला आहे त्यांना आठवेल: पहिल्याच सर्व्हरनंतर लूप संपतो. उरलेली यादी एसएसएच आपलं इनपुट समजून पिऊन टाकतो. एफएफएमपेग तर चालताना कळ दाबली का हे बघायला स्टडइन वाचत असतो, म्हणून अशा लूपमध्ये पुढच्या फाइलनावांची सुरुवातीची अक्षरं गायब होतात. त्याला उणे-नोस्टडइन द्यावं लागतं. पायथॉनमध्ये स्टडइन=डेव्हनल एवढं लिहिलं की भागतं. पासवर्ड मागणारे प्रोग्राम मात्र त्यानेही ऐकत नाहीत. एसएसएच पासवर्ड थेट टर्मिनलकडून मागतो. त्याला बॅचमोड (काही विचारू नको सांगणारा पर्याय) सुरू करूनच पाठवावं, म्हणजे तो रात्रभर उत्तराची वाट बघत न बसता नापास होऊन परत येतो.

पाचवा नियम अर्धा खरा आहे. सबप्रोसेस.रनला टाइमआउट दिला तर वेळ संपल्यावर ते चाइल्डला मारतं. थेट पीओपन (प्रोसेस सुरू करणारी सबप्रोसेसमधली मूळ सोय) आणि कम्युनिकेट वापरत असाल तर कोणीच कोणाला मारत नाही, फक्त एक्सेप्शन येतं आणि चाइल्ड मागे चालूच राहतो. त्यात पहिला नियमही पाळला असेल तर मजाच आहे: तुमचा चाइल्ड म्हणजे शेल, खरं काम करणारा प्रोग्राम त्याच्या पोटी. मरतो शेल, नातवंड अनाथ होऊन प्रोसेसर खात बसतं. माझ्या सर्व्हरवर सकाळी असे अकरा टेसरॅक्ट सापडले होते. वर त्या नातवंडाच्या हातात पाइपचं टोक असतं, त्यामुळे शेल मेल्यावर तुम्ही पुन्हा कम्युनिकेट केलंत तर ते नातवंड संपेपर्यंत तुम्हीही अडकता.

लिनक्सवर हे असं आवरता येतं: पीओपनला स्टार्ट-न्यू-सेशन=ट्रू द्या, म्हणजे चाइल्ड आणि त्याची पिलावळ एका वेगळ्या ग्रुपात जाते. वेळ संपली की ओएस.किलपीजीने अख्ख्या ग्रुपाला आधी टर्म (‘आवरून संप’) सिग्नल पाठवा, पाचेक सेकंद द्या, तरी हलत नसतील तर किल. थेट किल केलं तर आवराआवर करायला संधी मिळत नाही आणि अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण असल्यासारखी तिथेच पडून राहते. मी आता तात्पुरत्या नावाने लिहून घेते आणि कोड शून्य आला तरच नाव बदलते.

संदेशात नसलेली, पण मराठी मजकूर हाताळणाऱ्याला हमखास भेटणारी एक गोष्ट राहिली. चाइल्ड बाइट पाठवतो, अक्षरं नव्हे. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, काना-मात्रासुद्धा. पाइपमधून ४,०९६-४,०९६ बाइटांचे तुकडे उचलून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे डिकोड करणारा कोड इंग्रजीवर जन्मभर चालेल. मराठीवर तो तुकड्याच्या शिवेवर पडलेलं अक्षर फाडेल, आणि तिथे एक्सेप्शन येईल किंवा प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन. विंडोजवर एन्कोडिंग सांगितलंच नाही तर अनेक मशीनवर असं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) गृहीत धरलं जातं ज्यात देवनागरीला जागाच नाही. टेक्स्ट=ट्रूच्या जोडीला एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वच्छ लिहा. तुकड्यांनीच वाचायचं असेल तर आधीच्या तुकड्यातले उरलेले बाइट लक्षात ठेवणारा इन्क्रिमेंटल डिकोडर पायथॉनच्या कोडेक्स मॉड्यूलमध्ये तयार आहे. तो दिवाळी अंक मी शेवटी त्यानेच वाचला.